लास वेगासचं हेलिकॉप्टर: दोष मेकॅनिकचा की पाळी लावणाऱ्याचा?

घाटावरचा:
७ डिसेंबर २०११. लास वेगासहून हूवर धरण दाखवायला निघालेलं एएस-३५० हेलिकॉप्टर संध्याकाळी डोंगरात कोसळलं. पायलट आणि चार पर्यटक, पाचही जण गेले. आदल्याच दिवशी त्याची, दर शंभर उड्डाण-तासांनी करतात ती, तपासणी झाली होती. त्यात मुख्य रोटरचा, म्हणजे वरच्या मोठ्या पंख्याचा, एक सर्व्हो बदलला; पायलटचं नियंत्रण पात्यांपर्यंत पोचवणारं हे यंत्र. त्याला जोडणाऱ्या दांड्याच्या बोल्टवर झिजलेला जुनाच लॉकनट (स्वतःच घट्ट पकड धरणारा नट) परत चढवला, आणि नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन नीट बसवली नाही किंवा घातलीच नाही, असं एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, २०१३ च्या अहवालात सांगितलं. हवेत दांडा निसटला. मग पायलट कितीही पट्टीचा असो, काय करणार?

अहवालात थकव्याचाही उल्लेख आहे आणि लोक तेवढाच धरून बसतात. मला नाही पटत. पिन आहे की नाही हे बघायला किती झोप लागते?

नटबोल्ट:
लागते हो. मेकॅनिकची एरवीची पाळी दुपारची. तपासणीच्या दिवशी त्याची सुट्टी होती, तरी बोलावलं भल्या पहाटे. झोप अपुरी. तपासनीसालाही नेहमीपेक्षा लवकर यावं लागलं आणि त्याचा दिवस लांबतच गेला. मी चाकणला अकरा वर्षं पाळ्या केल्यात. पाळी अचानक बदलली की पहिल्या दिवशी माणूस हातातला पाना शोधत फिरतो.

घाटावरचा:
मग सही कशाला केली? तपासनीसाची सही म्हणजे ‘मी स्वतः बघितलंय’. जमत नसेल तर नाही म्हणायचं.

नटबोल्ट:
‘नाही म्हणायचं’! साहेब, तुम्ही कुठे नोकरी केलीत ते एकदा सांगाच.

उंबरझरा:
तुम्ही दोघंही नटाला विसरलात. लॉकनट परत वापरता येतो, पण बोटांनी सहज फिरायला लागला की तो भंगार. अपघातानंतर त्याच कंपनीच्या बाकीच्या हेलिकॉप्टरांवरचे असे नट तपासले, तर पकड गेलेले बरेच सापडले. ते काही सगळे त्याच पहाटे बसवले नव्हते. नटबोल्ट, तुमची झोप इथे कामाला येत नाही. आणि घाटावरचे, तुमचा एकटा बेफिकीर मेकॅनिकही नाही. जुना नट चालवून घ्यायची तिथे सवयच पडली होती.

घाटावरचा:
नटापुरतं मान्य. पण पिन असती तर तो ढिला नटही जागेवर राहिला असता ना? पिनेचा हिशेब त्या दोघांनाच द्यावा लागणार. सवयीच्या नावावर तो नाही टाकता येत.

मीनल:
टाकू नका. पण काम आणि तपासणी टप्प्याटप्प्याने कशी करायची, हे तिथे नीट लिहिलेलंच नव्हतं, हेही अहवालात आहे. शिवाय पायलटच्या ड्युटीला तासांची मर्यादा असते, तशी मेकॅनिकसाठीही आणा अशी शिफारस एनटीएसबीने केली. नुसता हलगर्जीपणा दिसला असता तर हे कशाला सुचवलं असतं?

घाटावरचा:
मर्यादा जरूर आणा. त्या दोघांना मी त्यासाठी सोडणार नाही.

नटबोल्ट:
नका सोडू. माझी उद्या पहिली पाळी आहे, बाकीचं परवा.