बिनदांड्याची ई-सायकल दुय्यम कशी काय ठरते?

सावकाश_जा (धागाकर्ता):
दांडा म्हणजे सीट आणि हँडल यांच्यामधली वरची आडवी नळी; बिनदांड्याच्या सायकलीत ती नसते. शहरात चालवायला कमी बजेटमधली ई-सायकल कुठली घ्यावी, असं 'पहिलीच_सायकल' यांनी विचारलं होतं. त्यावर 'गिअरवाला' यांचं उत्तर: "बिनदांड्याची नको. ती फ्रेम लिबलिबीत असते, वयस्कर लोकांना ठीक आहे. तेवढ्याच पैशांत दांडावाली आणि जास्त वॉटची मोटर मिळते." हे वाचून गप्प बसवेना, म्हणून हा वेगळा धागा.

शहरात सायकल चालवायची म्हणजे सारखं थांबायचं आणि निघायचं. सिग्नल, अचानक उघडलेलं गाडीचं दार, मध्येच धावत आलेलं मूल. साधी सायकल कलली तर पायावर तोलता येते. ई-सायकल 20 ते 28 किलोची, ती कलायला लागली की दोन्ही पाय ताबडतोब जमिनीवर हवेत. मागे मुलाची सीट किंवा भरलेल्या पिशव्या असतील तर पाय मागून टाकून उतरणार कसे? पाय पुढूनच काढावा लागतो आणि तिथे दांडा आडवा येतो. यात वयाचा संबंध कुठे आला?

आता वॉट. मोटरवर लिहिलेले 250 वॉट ही सतत चालण्याची क्षमता असते. कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग, 15 अँपिअर देत असेल तर 36 व्होल्टवर क्षणभर 540 वॉट खेचले जातात. शहरातला पूल चढायला तेवढं पुरतं. नुसता वॉटचा आकडा बघून सायकल घेणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते, कारण त्या आकड्यासाठी कंपनीने ब्रेक आणि बॅटरीत काटकसर केलेली असते.

बॅटरीचं गणित सोपं आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर म्हणजे 360 वॉट-अवर, एवढी ऊर्जा बॅटरीत मावते. थांबत-निघत, मनापासून पायडल मारत गेलं तर किलोमीटरला 10-12 वॉट-अवर जातात, म्हणजे 30-35 किमी. जाहिरातीत 80 किमी लिहिलेलं असतं. त्यासाठी किलोमीटरला साडेचार वॉट-अवरमध्ये भागवावं लागेल.

माझं मत स्पष्ट आहे. बिनदांड्याची फ्रेम, चांगले डिस्क ब्रेक, काढता येणारी बॅटरी आणि परवडत असेल तर टॉर्क सेन्सर, म्हणजे पायडलवर किती जोर लावताय ते ओळखून तेवढी मदत देणारा. मोटरचे वॉट सगळ्यात शेवटी.

गिअरवाला:
माझं अर्धंच वाक्य उचललंत. दांडा काढला की फ्रेमचा त्रिकोण मोडतो, हे तरी मान्य आहे ना? मग खालची नळी जाड करावी लागते किंवा जोडाला पट्ट्या द्याव्या लागतात. महागड्या सायकलीत ते करतात. स्वस्तात वजनही वाढतं आणि फ्रेम पीळ खाते ती खातेच. मी अशी एक चालवली आहे, बॅटरी कॅरिअरखाली आणि वर सामान. उतारावर हँडल असं थरथरायला लागलं की दोन्ही ब्रेक दाबून उतरलो. त्यानंतर ती फ्रेम कुणाला सुचवायची हिंमत होत नाही. 'वयस्कर' म्हटल्याचा राग आला असेल तर तो शब्द मागे घेतो, मुद्दा नाही.

सावकाश_जा:
थरथर बॅटरीच्या जागेमुळे झाली! कॅरिअरखालच्या बॅटरीचं वजन मागे आणि उंचावर जातं. तीच बॅटरी सीटच्या नळीमागे किंवा खालच्या नळीत असती तर असं झालं नसतं. दोष बॅटरीच्या जागेचा आणि शिक्षा फ्रेमला, हा कुठला न्याय?

पाना_अठरा:
तुम्ही दोघं फ्रेमवर भांडताय आणि पंक्चरबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. शहरात रोज चालवणाऱ्याचा खरा शत्रू पंक्चर आहे. मागच्या चाकात हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर, असली की चाक काढायला आधी वायरचा कनेक्टर सोडवा, वायरच्या पट्ट्या कापा, मग 18 चा पाना शोधा, आणि परत बसवताना दातवाले वॉशर योग्य बाजूने बसले की नाही ते बघा. माझं मागचं चाक पंक्चर झालं तेव्हा दोन दुकानदारांनी "मोटरवालं चाक आम्ही उघडत नाही" म्हणून परत पाठवलं. ढकलत घरी आणली. दांडा असो की नसो, सायकल घेण्याआधी एकच विचारा, मागचं चाक कोण काढून देणार?

चढण:
म्हणूनच मी नेहमी पुढच्या चाकात मोटर घ्या म्हणतो. मागचं चाक साध्या सायकलीसारखं राहतं, कुठेही दुरुस्त होतं. शिवाय मोटरचं वजन पुढे आणि बॅटरीचं मागे, असा तोलही साधतो.

पाना_अठरा:
आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर पुढचं चाक गरकन फिरलं की तोल कुठे जातो? मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस थेट खाली. शिवाय मोटरचा आस फोर्कच्या खाचेत पीळ देत राहतो. स्वस्त ॲल्युमिनिअम फोर्कची खाच त्याने फाकू शकते. स्टीलचा फोर्क आणि टॉर्क आर्म (आस खाचेत फिरू नये म्हणून फोर्कला बांधायची पट्टी) नसेल तर पुढची मोटर मी कुणाला घेऊ देणार नाही.

चढण:
मी कित्येक वर्षं पुढची मोटर वापरतोय, पावसातसुद्धा. एकदाही पडलो नाही. टॉर्क आर्म आहे, फोर्क स्टीलचा आहे. लोकांना घाबरवायचं काम बंद करा.

पाना_अठरा:
म्हणजे मी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तुमच्या सायकलीत आहेत! मग भांडताय कशासाठी? ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठीच लिहितोय मी.

तेलकट_हात:
पंक्चरवाल्यांनो, शांत व्हा. पंक्चर काढायला चाक उतरवायची गरजच नसते. सायकल उलटी करा, टायरची एक बाजू रिमवरून काढा, ट्यूब तेवढ्याच भागातून बाहेर ओढा, भोक शोधा, ठिगळ लावा आणि परत आत सारा. चाक जागेवर, वायर जागेवर. ट्यूबच बदलायची असेल तरच चाक काढावं लागतं, आणि तेही टाळायला दोन टोकांची उघडी ट्यूब मिळते, ती चाक न काढता बसते. वर्षानुवर्षं हेच काम करतोय. ज्या दुकानदारांनी परत पाठवलं त्यांना काम करायचं नव्हतं, मोटरला कशाला बोल लावता?

पाना_अठरा:
बरं, ठिगळाचं मान्य. पण टायरमध्ये काच घुसून चिरला तर? नवा टायर चाक न काढता चढवून दाखवा.

तेलकट_हात:
तो नाही चढत. म्हणून सुरुवातीलाच आतून पंक्चररोधक पट्टी असलेला जाड टायर घ्या. बजेटमध्ये तेवढं बसवाच.

कोरडी_बॅटरी:
मूळ विषयावर येता का कुणी? 'परवडणारी' म्हणून ज्या विकतात त्यांतल्या काहींत अजूनही लेड-ॲसिड बॅटरी असते. 36 व्होल्ट, 12 अँपिअर-अवरचा तसा संच 12 किलोच्या आसपास भरतो. लिथिअमचा तेवढाच संच तीन किलोच्या आत-बाहेर. एवढं वजन घातल्यावर फ्रेम कुठलीही असली तरी लोळागोळा होणारच. आणि लिथिअम घेताय तर प्रमाणपत्र बघा. न्यूयॉर्क शहरात आगी लागून माणसं गेली, मग 2023 च्या सप्टेंबरपासून तिथे यूएल 2849 या ई-सायकलच्या विद्युत सुरक्षेच्या मानकाच्या प्रमाणपत्राशिवाय ई-सायकल विकायला बंदी आली. चार्जर मूळचाच वापरा, जिन्याच्या किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका आणि लावून झोपू तर अजिबात नका.

गिअरवाला:
याच्याशी शंभर टक्के सहमत. आणि टॉर्क सेन्सरवरही सावकाश_जा यांच्याशी सहमत, नाइलाजाने. साध्या सेन्सरला फक्त पायडल फिरतंय एवढंच कळतं. गर्दीत हळू जाताना मोटर उशिरा सुरू होते आणि नको तेव्हा ढकलते. साधा सेन्सर असेल तर ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच लीव्हरमध्ये आहे ना, हे तपासाच. फ्रेमबद्दल मात्र एकच सांगेन. ट्रायल रिकाम्या सायकलीवर घेऊ नका. कॅरिअरवर दहा किलो बांधा, एक हात सोडून बघा. हँडल थरथरलं तर घेऊ नका, मग धागाकर्ते काहीही म्हणोत.

सावकाश_जा:
ही ट्रायल दांडावालीवरही घ्या, एवढंच म्हणतो.

पहिलीच_सायकल:
प्रश्न माझा होता. सगळं वाचलं, बरंच कळलं. पण मला सायकल रोज सहा पायऱ्या चढवून आत न्यावी लागते, हे कुणी विचारलंच नाही. दांडा असला की खांद्यावर अडकवता तरी येते. बिनदांड्याची उचलायला पकडायची कुठे?

सावकाश_जा:
बॅटरी आधी काढा, दोन-तीन किलो तिथेच कमी होतात. एक हात सीटच्या नळीला, दुसरा हँडलखालच्या जाड जोडापाशी. पायऱ्यांच्या कडेला उतरण असेल तर बॅटरी लावलेलीच ठेवा आणि वॉक मोड असलेली सायकल बघा. बटण दाबून धरलं की ती चालण्याच्या वेगाने, ताशी सहा किमीपर्यंत, स्वतःच पुढे सरकते. उतरण नसेल आणि रोज एकटीनेच उचलायची असेल तर 20 किलोच्या वरची घेऊ नका, फ्रेम कुठलीही असो. दुकानात विकत घेण्याआधी तिथल्या पायरीवर एकदा चढवून बघा.

गिअरवाला:
त्यासाठी दांडावालीच बरी. पण वजनाचं बरोबर आहे.