मदत हवी आहे: सरकारी खर्चाचं जीडीपीशी प्रमाण कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी अर्थव्यवस्था शिकवते. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांच्या (अर्थसंकल्पाव्यतिरिक्त वाढीव खर्चाच्या मागण्या) बातम्या आल्या की मुलं हमखास विचारतात, ‘मॅडम, अर्थव्यवस्थेच्या मानाने सरकारचा खर्च किती?’

जुलै 2024 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2024-25 साठी खर्च सुमारे 48.2 लाख कोटी आणि जीडीपी (देशात वर्षभरात झालेल्या एकूण उत्पादनाचं मूल्य) सुमारे 326 लाख कोटी धरला होता, म्हणजे 15 टक्क्यांच्या आत. पण पोलीस, शाळा, दवाखाने बहुतांशी राज्यं चालवतात. नुसता केंद्राचा आकडा सांगणं मला पटत नाही. राज्यं धरली की प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर जातं.

बेरीज करताना केंद्राने राज्यांना दिलेली अनुदानं नि कर्जं दोनदा मोजली जाऊ नयेत म्हणून एकदा वजा करायची, हे ठीक. (करातला राज्यांचा वाटा केंद्राच्या खर्चात मुळात नसतोच.) पण महापालिका, जिल्हा परिषदा? त्यांना आलेला राज्याचा निधी वगळून उरलेला खर्च मिळवलेला तक्ता कुठे आहे का?

शिवाय व्याज सरकारी खर्चात येतं, जीडीपीत मात्र सरकारची खरेदी म्हणून मोजलं जात नाही. मग याला जीडीपीचा ‘हिस्सा’ म्हणावं का? वर्गात हे सोपं करून कसं सांगता, तेही कृपया लिहा.