अनुभव धागा : मोठ्या बिअर कंपनीतली नोकरी

बिअर कंपनीत आहे म्हटलं की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मग काय, फुकटच!" त्याचं उत्तर खाली कुणीतरी देईलच. मला ऐकायचंय ते बाकीचं. अनेक देशांत कारखाने आणि हजारो माणसं असलेल्या मोठ्या कंपनीत ज्यांनी काम केलंय किंवा करताहेत, त्यांनी लिहा. दिवसभर नेमकं काय करता, पाळ्या कशा असतात, साहेब लोक कसे, तब्येतीचं काय होतं, पुन्हा संधी मिळाली तर जाल का. कंपनीचं नाव घेऊ नका, खातं तेवढं सांगा. सुरुवात मीच करते.

ब्रू हाऊस (धागाकर्ती)

बाहेरच्यांना वाटतं की आम्ही मोठ्या कढयांत डाव घालून चव बघत फिरतो. प्रत्यक्षात मी काचेमागे चार स्क्रीनसमोर बसते. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दळून कोमट पाण्यात पडलं की ६२ ते ६५ अंशांवर एक टप्पा, मग ७२ च्या आसपास दुसरा, ७८ ला शेवट. त्यानंतर गाळणं, उकळणं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), थंड करणं आणि किण्वनासाठी यीस्टच्या ताब्यात देणं. झडपा आपोआप उघडतात. माझं काम म्हणजे त्या वेळेवर उघडल्या का ते बघणं आणि नाही उघडल्या तर जिना चढून धावणं.

आणि धुणं. नवीन पोरांना हे कुणी सांगत नाही. टाक्या, पाइप, झडपा, सगळं सतत धुतलं जातं : गरम कॉस्टिक सोडा, मग आम्ल, मग निर्जंतुक करणारं द्रावण, मधे मधे पाणी. किण्वनाच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो नीट बाहेर काढल्याशिवाय कॉस्टिक सोडलं तर कॉस्टिक तो वायू शोषून घेतं, आत निर्वात तयार होतं आणि जाड स्टीलची टाकी बाहेरच्या हवेच्या दाबाने आत चेपते. सुरक्षेच्या प्रशिक्षणात अशा टाकीचे फोटो दाखवतात. मधोमध हातात धरून पिळल्यासारखी दिसते. तेव्हापासून मी व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (निर्वात झालं की हवा आत घेणारी झडप) तपासल्याची सही दुसऱ्याच्या भरवशावर कधी केलेली नाही.

समाधान आहे का? आहे. वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगळ्या पाण्यावर, दरवर्षी बदलणाऱ्या मॉल्टवर तीच चव आणायची, ही मोठी कारागिरी आहे असं माझं मत आहे. हौशी मंडळी नाक मुरडतात, मुरडू देत. पण स्वतःची रेसिपी करायची हौस असेल तर इथे येऊ नका. पाककृती वरून येते. माझ्यासोबत लागलेल्यांपैकी काही जण त्यासाठीच छोट्या ब्रूअरीत गेले, आणि त्यातले काही पगार-पेन्शन बघून परतही आले.

पॅकेजिंग, बाटली लाइन

मॅडमनी ब्रू हाऊसचं लिहिलं, तिथे एसी असतो. आमच्याकडे या.

आमची लाइन तासाला ६०,००० बाटल्या भरते. एक मिनिट थांबली तर हजार बाटल्या गेल्या, आणि ते मिनिट भिंतीवरच्या बोर्डावर लाल अक्षरात चढतं. कुठल्या मशीनमुळे थांबली, किती वेळ, कारण काय, सगळं नोंदवायचं. कारणाच्या रकान्यावरून आमची आणि मेंटेनन्सची भांडणं होतात. ऑपरेटरची चूक लिहायची की मशीनचा बिघाड, यावर महिन्याचा बोनस ठरतो.

आवाज असा की कानात प्लग आणि वरून मफ लावल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. त्यामुळे सगळं बोलणं खुणांनी. दोन बोटं म्हणजे लेबल संपत आलं, मूठ म्हणजे थांबव, तळहात सपाट म्हणजे वेग कमी कर. आमच्यातल्या एकाच्या घरचे वैतागले आहेत, तो जेवतानाही खुणा करतो.

फिलरमध्ये, म्हणजे बाटल्या भरणाऱ्या मशीनमध्ये, बाटली फुटणं रोजचंच. फुटली की शेजारच्या झडपांवर पाण्याचा फवारा बसतो आणि आजूबाजूच्या बाटल्या आपोआप बाहेर फेकल्या जातात, कारण काचेचा कण कुणाच्या घशात जाऊन चालणार नाही. इथे मात्र मी कंपनीला मानतो. काचेच्या बाबतीत लाइन थांबवली म्हणून मला आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही. बाकी कशासाठीही थांबवा, पन्नास फोन येतात.

पाळ्या फिरत्या. शरीराला रात्रपाळीची सवय होते म्हणणाऱ्याने ती केलेली नसते. उन्हाळ्यात रजा मिळत नाही, तेव्हाच माल उठतो. पगार चांगला, ओव्हरटाइमचा हिशोब चोख, युनियन जागी आहे. फुकट बिअरचं म्हणाल तर महिन्याला ठरलेला कोटा मिळतो. कामाच्या वेळेत एक थेंब नाही, गेटवर कधीही तपासणी होते.

लोडिंग, कंत्राटी

वरच्या दादांनी जे लिहिलं ते कायम कामगारांचं. आम्ही त्याच शेडमध्ये, त्याच आवाजात. जॅकेटचा रंग वेगळा. कोटा नाही, बोनस नाही, सीझन संपला की फोन येईपर्यंत घरी. ५० लिटरचा भरलेला केग (बिअरचं धातूचं पिंप) साठ किलोच्या वर जातो. तो उचलायचा नाही, कडेवर फिरवत न्यायचा असं शिकवतात, बरोबरच आहे. पण ट्रक उशिरा आला आणि दोनच माणसं असली की शिकवणूक बाजूला राहते. कायम करू असं दर सीझनला सांगतात.

पॅकेजिंग, बाटली लाइन

यावर मला काही बोलता येत नाही. खरं आहे.

प्रयोगशाळा

मी मायक्रोबायोलॉजी शिकले आणि औषध कंपनीऐवजी इथे आले. पश्चात्ताप नाही. या धंद्याने शास्त्राला पोसलंय हे लोकांना माहीत नसतं. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत हान्सेन यांनी १८८३ मध्ये यीस्टचं शुद्ध संवर्धन केलं. तिथेच १९०९ मध्ये सोरेनसन यांनी आम्लता मोजायची पीएच मोजपट्टी मांडली. कमी नमुन्यांवरून अंदाज बांधायची जी टी-टेस्ट आज सगळे वापरतात, ती गिनेस या बिअर कंपनीत नोकरी करणाऱ्या गॉसेट यांची. १९०८ मध्ये त्यांनी ती 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली, कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापणं कंपनीला चालत नव्हतं. आजही फारसं चालत नाही. माझं दोन वर्षांचं काम एका अंतर्गत अहवालात पडून आहे, त्यावर माझं नावही नाही.

रोजचं काम : यीस्टच्या पेशी मोजणं, त्यातल्या मेलेल्या किती ते निळ्या रंगाने बघणं, बाटलीत ऑक्सिजन किती शिरला ते मोजणं. हे शेवटचं पीपीबीत, म्हणजे अब्जात किती भाग. पॅकेजिंगवाल्यांना आमचा राग येतो तो याच आकड्यामुळे. ऑक्सिजन वाढला की काही आठवड्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि तोपर्यंत ती दुकानात पोचलेली असते.

शिवाय मी चव-पॅनेलवर आहे. लोक हेवा करतात. सकाळी जेवणाआधी, लाल दिव्याखाली (रंगावरून ओळखू नये म्हणून) तीन ग्लास समोर येतात, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. त्याआधी कॉफी नाही, अत्तर नाही, सर्दी असेल तर घरी. वाइनवाले थुंकतात, आम्ही गिळतो, कारण कडवटपणा घशाशी कळतो. लोण्यासारखा वास म्हणजे डायअसिटिल, यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही. उकडलेल्या मक्याचा म्हणजे डीएमएस, उकळण्यात गडबड. हिरव्या बाटलीला ऊन लागलं की जो उग्र वास येतो तो हॉप्समधल्या घटकांचा. आता मित्रांबरोबर बसले तरी पहिल्या घोटाला माझ्या तोंडून दोषाचं नाव निघतं. मला बोलावणं कमी झालंय.

खरेदी विभाग

मी पीत नाही, कधीच प्यायलो नाही. कुणी जबरदस्ती केली नाही. कोटा शेजाऱ्यांना जातो, शेजारी फार चांगले आहेत.

फायनान्स

धागा एकाच बाजूला झुकतोय म्हणून लिहितो. खर्चकपात करणारे आम्हीच ते खलनायक.

२००८ मध्ये इनबेव्ह या बिअर समूहाने अनहॉयझर-बुश ही अमेरिकन बिअर कंपनी घेतली, सुमारे ५२ अब्ज डॉलरला. २०१६ मध्ये त्याच समूहाने एसएबीमिलरही घेतली. पहिल्या व्यवहारानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेत सुमारे १,४०० पगारी पदं कमी करण्याची घोषणा झाली. त्यानंतर या धंद्यात सगळीकडे एक पद्धत पसरली : दरवर्षी बजेट शून्यापासून. गेल्या वर्षी मिळालं म्हणून यंदा मिळेल असं नाही, प्रत्येक खर्च नव्याने सिद्ध करायचा. रंगीत प्रिंट, विमानाचं तिकीट, मीटिंगमधली बिस्किटं, सगळं.

लोक शिव्या घालतात. पण याच पद्धतीने आमच्याकडे गळणारी वाफेची लाइन सापडली, जी वर्षानुवर्षं 'इतर खर्च' या नावाखाली पैसे खात होती. पाण्याचंही तसंच. एक लिटर बिअरला जुने कारखाने सहा-सहा लिटर पाणी घालवत, आता चांगल्या कारखान्यात तीनच्या खाली येतं. मोजल्याशिवाय हे झालं नसतं.

तरुणांसाठी जागा उत्तम आहे. पंचविशीत असे निर्णय हातात येतात जे दुसरीकडे चाळिशीत येतील. किंमत अशी की रविवारी रात्री फोन वाजतो आणि बढती न मिळालेला माणूस दोन वर्षांत बाहेर पडतो.

मेंटेनन्स

फायनान्सवाले साहेब, वाफेची लाइन गळतेय हे आम्ही तीन वेळा लिहून दिलं होतं. आमच्याही कारखान्यात अशीच होती. बजेट नाही म्हणून अर्ज परत आले. तुमच्या तक्त्यात आली तेव्हा 'सापडली' झाली.

स्पेअर पार्टचा साठा कमी केला की कागदावर बचत दिसते. मग रात्री दोनला पंपाचं सील जातं, आणि ते दुसऱ्या कारखान्यातून टॅक्सीने मागवावं लागतं. टॅक्सीचं बिल वेगळ्या रकान्यात.

एक गोष्ट कंपनी मनापासून करते : बंद जागेत उतरायचं परमिट. तळघरात कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, हवेपेक्षा दीडपट जड. आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा साधारण अर्धा टक्का धरतात, चार टक्क्यांना जीव धोक्यात. छातीवर मीटर लावल्याशिवाय उतरायचं नाही. मीटर ओरडला की साहेब असो नाहीतर शिकाऊ, वर. थंड करायच्या यंत्रणेतल्या अमोनियाची गळती झाली तर निदान नाकाला लगेच कळते. सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची, कळत नाही.

विक्री (सोडली)

सगळ्यांनी कारखान्याचं लिहिलं. तिथे दारूबंदी असते. आमचं काम बारमध्ये. रोज संध्याकाळी पाच-सहा ठिकाणी जायचं, मालकाशी बसायचं, नळ स्वच्छ आहे का बघायचं, आपल्या ब्रँडचा ग्लास समोर ठेवायचा. ग्लास रिकामा राहिला तर वाईट दिसतं. कंपनीचं धोरण कागदावर कडक आहे, पण टार्गेट पूर्ण करणाऱ्याला कुणी विचारत नाही.

माझ्या टीममधला सगळ्यात चांगला विक्रेता यात वाहून गेला. एचआरने समुपदेशकाचा नंबर दिला, रजा दिली, खर्चही केला, ते खोटं सांगणार नाही. परत आल्यावर त्याला तेच क्षेत्र दिलं, तेच बार. मी पाणी विकणाऱ्या कंपनीत गेलो. तिथला पगार कमी आहे.

एचआर

वरचं वाचून गप्प बसवत नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये कार्ल्सबर्गने कामाच्या वेळेतली बिअर जेवणाच्या सुट्टीपुरती ठेवली, तेव्हा डेन्मार्कमध्ये गोदामकामगार आणि ड्रायव्हर संपावर गेले होते. जगभर हसू झालं. पण कामगारांच्या लेखी तो पिढ्यांपासूनचा हक्क होता. कारखान्यात आज जी कडक शिस्त दिसते ती इतकी नवी आहे. ती विक्रीपर्यंत पोचलेली नाही, हे मान्य. आम्ही बिनअल्कोहोल बिअर समोर ठेवायचा नियम आणला. चालतो तिथे चालतो.

शिकाऊ उमेदवार (अजून रुजू नाही)

पुढच्या महिन्यात पॅकेजिंगला ट्रेनी म्हणून जातोय. वाचून थोडी धडकी भरली. रुजू व्हायच्या आधी काय विचारून घेऊ?

पॅकेजिंग, बाटली लाइन

रात्रपाळीत लाइन थांबवायचा अधिकार कुणाला आहे ते विचार. "ऑपरेटरला" असं उत्तर आलं तर जा. "फोन करून विचारावं लागतं" आलं तर दुसऱ्या कारखान्यात बदली माग. ट्रेनी म्हणून किती महिने कंत्राटी ठेवणार ते लेखी घे. कानाची तपासणी पहिल्या आठवड्यात करून रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेव, पुढे काही झालं तर तोच कागद कामी येतो. आणि सेफ्टी बुटांचं माप आजच कळव, नाहीतर कुणाचे तरी मोठे बूट घालून ओल्या फरशीवर फिरशील.