पीडीएफवर डबल क्लिक केलं की भलतंच अ‍ॅप उघडून राहिलं, कायमचं कसं बदलू?

मानेवाडा_झेरॉक्स:
नमस्कार मंडळी, मानेवाडा रोडवर माझं झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर, एकावर विंडोज १० अन् एकावर ११. झालं काय की मी गावाला गेलो होतो तेव्हा भाच्यानं कुठलं तरी फुकटचं पीडीएफ कन्व्हर्टर उतरवून ठेवलं, आता कुठल्याही पीडीएफवर डबल क्लिक केलं की तेच उघडते, उघडताना दहा सेकंद विचार करते, मग म्हणते पैसे भरून प्रो घ्या, अन् प्रिंट काढली तर पानावर आडवा शिक्का. गिऱ्हाईक समोर उभं, मागे लाईन, अ‍ॅडमिशनचे दिवस, काय सांगू. राईट क्लिक करून ओपन विथ मधून अ‍ॅडोबी रीडर निवडतो तर त्या वेळी बरोबर उघडते, पण पुढच्या फाईलला परत तेच रडगाणं. रीडरमध्येच "डिफॉल्ट करा" म्हणून विचारते तिथंही येस केलं, काही फरक नाही. काऊन होऊन राहिलं असं? फॉरमॅट मारायची इच्छा नाही, त्यात सगळ्या गिऱ्हाईकांचे फॉर्म आहेत.

संत्रा_बर्फी:
भाऊ फॉरमॅट नका मारू बाप्पा 😂 तुम्ही "जस्ट वन्स" दाबून राहिले असाल. शेजारचं "ऑलवेज" दाबा ना.

धंतोलीचा_दादा:
वरचं उत्तर अर्धं बरोबर आहे, पण ओपन विथ म्हटल्यावर जी छोटी यादी बाजूला उघडते ना, त्यातल्या रीडरवर थेट क्लिक केलं तर ते नेहमी एकाच वेळेपुरतं असतं, तिथं ऑलवेज वगैरे काही विचारतच नाही. त्या यादीत खाली "चूज अनदर अ‍ॅप" असतं, त्यावर जायचं. विंडोज ११ मध्ये मग खिडकीच्या खाली ऑलवेज आणि जस्ट वन्स अशी दोन बटणं येतात. १० मध्ये बटणं नाहीत, तिथं "ऑलवेज यूज धिस अ‍ॅप" समोर एक बारीक चौकोन असतो त्यात टिक करायची, ९० टक्के लोक तीच विसरतात (आकडा माझ्या मनाचा, पण आमच्या ऑफिसात तरी असंच आहे).

मी स्वतः मात्र प्रॉपर्टीजमधून करतो. फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं "ओपन्स विथ" समोर चेंजचं बटण. इथून बदललं की ते कायमचंच, एकदाच की नेहमी हा प्रश्न येत नाही.

आणि रीडरमध्ये येस करूनही का झालं नाही, तर विंडोज ८ पासून कुठल्याही प्रोग्रामला परस्पर स्वतःला डिफॉल्ट करता येत नाही. तुम्ही जे निवडता ते रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंगची वही) एका हॅशसकट, म्हणजे हिशोबानं काढलेल्या खुणेसकट लिहिलं जातं, कुलूपच समजा, आणि बाहेरून कुणी ते खोडून आपलं नाव लिहिलं की हॅश जुळत नाही मग विंडोज ती निवड मानतच नाही. त्यामुळे ते विचारणारे डबे फार तर तुम्हाला सेटिंगच्या दारापर्यंत नेऊन सोडतात, आत जाऊन क्लिक तुम्हालाच करायचं असतं. हे एका अर्थी चांगलंच आहे, पूर्वी कुठलाही प्लेअर टाकला की सगळी गाणी आणि व्हिडिओ तोच पळवायचा, आठवतंय का.

मानेवाडा_झेरॉक्स:
दादा ११ वर झालं, एका झटक्यात. पण १० वर यादीत रीडर दिसतच नाही हो, फक्त क्रोम, एज, वर्ड अन् तो भाच्याचा पाहुणा. रीडर तर आहे, डेस्कटॉपवर चिन्ह दिसून राहिलं.

धंतोलीचा_दादा:
"मोअर अ‍ॅप्स" करा, मग यादीच्या अगदी तळाशी "लुक फॉर अनदर अ‍ॅप ऑन धिस पीसी" येईल. त्याच्या आधी टिक करून घ्या बरं का. मग सी ड्राईव्ह, प्रोग्राम फाईल्स, अ‍ॅडोबी. ६४ बिट रीडर असेल तर त्याची फाईल अ‍ॅक्रोबॅट नावानं असते, जुना ३२ बिट असेल तर प्रोग्राम फाईल्स एक्स ८६ मध्ये अ‍ॅक्रोआरडी ३२ नावानं. हे सगळं जमल्यावरच तो कन्व्हर्टर अनइन्स्टॉल करा, आणि भाच्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊ नका 😄

गोकुळपेठेतली_ताई:
मी सेतूचं काम करते म्हणून एक सांगते, तुमच्या दुकानात रीडरच डिफॉल्ट ठेवा, ब्राउझर नको. कारण ई-आधार. क्रोममध्ये उघडलं तर त्यावरची डिजिटल सही तपासताच येत नाही, नुसतं ते पिवळं प्रश्नचिन्ह आणि "व्हॅलिडिटी अननोन" छापून येतं आणि मग साहेब कागद परत करतात. रीडरमध्ये त्या सहीवर राईट क्लिक, व्हॅलिडेट सिग्नेचर, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट, ट्रस्टच्या टॅबमध्ये अ‍ॅड टू ट्रस्टेड आयडेंटिटीज, ओके ओके करत बाहेर या आणि परत व्हॅलिडेट करा, हिरवी टिक येते. नेट चालू पाहिजे. पासवर्ड तर माहीत असेलच, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल.

रीडर डिफॉल्ट असण्याचा अजून एक फायदा, फाईली सिलेक्ट करून राईट क्लिक, प्रिंट, की सगळ्या लागोपाठ निघतात, एकेक उघडत बसायचं काम नाही. फक्त १५ पेक्षा जास्त निवडल्या तर मेनूतून प्रिंटच गायब होतं. मला हे कळायला दोन वर्षं लागली, मला वाटायचं प्रिंटरच रुसला.

इतवारी_उबंटू:
लिनक्सवाल्यांसाठी, फाईलवर राईट क्लिक करून ओपन विथ मधून किंवा प्रॉपर्टीजमधून होतं. मॅकवर कमांड आणि आय दाबा, ओपन विथ मध्ये निवडा आणि खालचं "चेंज ऑल" विसरू नका, नाहीतर ती एकच फाईल बदलते.

नवा_गडी:
एवढी मेहनत कायले? फाईलचं शेवटचं नावच बदलायचं ना. मी परवा डॉट जेएफआयएफ चं डॉट जेपीजी केलं, फॉर्मवर फोटो चढला पण.

गोकुळपेठेतली_ताई:
अरे ते चाललं कारण जेएफआयएफ म्हणजे आतून जेपीजीच असतो, फक्त शेपूट वेगळं. हेच आयफोनच्या फोटोवर करून बघ. एचईआयसी चं नाव बदलून जेपीजी केलं तरी आतला माल तोच राहतो, मग साईट म्हणते फाईल खराब आहे. तो कन्व्हर्टच करावा लागतो, किंवा गिऱ्हाईकाला सांगायचं, सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथं मोस्ट कॉम्पॅटिबल करा आणि फोटो परत काढा. शेपूट पाहून विंडोज फक्त कुणाला हाक मारायची ते ठरवतं, आत काय आहे ते बघत नाही.

धंतोलीचा_दादा:
ताईंना अनुमोदन. आणि दुकानात पेन ड्राईव्ह येतात तर ही शेपटं दिसतील असं करून ठेवा. ११ मध्ये फोल्डर उघडून व्ह्यू, शो, फाईल नेम एक्स्टेन्शन्स. १० मध्ये वरच्या व्ह्यू टॅबमध्येच टिक आहे. नाहीतर "मार्कशीट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" अशी फाईल तुम्हाला नुसती मार्कशीट डॉट पीडीएफ दिसते, आणि ती उघडायला कुठलंच डिफॉल्ट लागत नाही, स्वतःच पळते.

मानेवाडा_झेरॉक्स:
१० वर पण झालं, टिकच राहून जात होती. पाहुण्याला बाहेर काढलं. शेपटं चालू केली तर एका पेन ड्राईव्हवर खरंच तसली डॉट ईएक्सई निघाली, पोरगा म्हणे माझी नाही, मी म्हटलं माझीही नाही, डिलीट मारली त्याच्यासमोरच. ताई, त्या १५ च्या गोष्टीबद्दल वेगळे धन्यवाद, आमच्याकडेही प्रिंटर दोनदा रिपेअरला जाऊन आला आहे त्याच पायी.