काजऱ्यातील विष मोजण्यासाठी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस पुरेसे आहे का?

धागाकर्ता : कुचला, म्हणजे कोकणातला काजरा, औषधात घालण्याआधी शुद्ध करतात. एका प्रचलित पद्धतीत बिया सात दिवस गोमूत्रात भिजवतात, मग दोलायंत्रात, म्हणजे पुरचुंडी भांड्यात लोंबती ठेवून, दुधात शिजवून साल काढतात आणि तुपात परततात. एवढ्या खटाटोपानंतर बियांतली स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन ही विषारी अल्कलॉइडे (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त, आम्लारी द्रव्ये) किती उरली, हे प्रत्येक बॅचमागे मोजलेच पाहिजे, कारण स्ट्रिक्निन मज्जारज्जूतील ग्लायसिनचे नियंत्रण मोडते आणि त्याची ५० ते १०० मिलिग्रॅम मात्रा प्रौढ माणसाच्या जिवावर बेतू शकते. लहान उत्पादकांनी हे मोजमाप कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत विजेच्या जोरावर घटक वेगळे करण्याच्या तंत्राने, करावे, असे माझे ठाम मत आहे. आम्लधर्मी बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) दोन्ही अल्कलॉइडांवर एकच धनभार असतो. सुमारे ५० मायक्रोमीटर पोकळीच्या नळीत २०-३० किलोव्होल्टचा दाब दिला, की आकाराने लहान स्ट्रिक्निन पुढे पळते आणि दोन मेथॉक्सी गट वागवणारे ब्रुसिन मागे राहते. दिवसभराच्या कामाला काही मिलिलिटर बफर पुरतो. एचपीएलसीला (उच्च दाबाने द्रावण भरीव स्तंभातून ढकलून घटक वेगळे करणाऱ्या तंत्राला) मात्र मिनिटाला साधारण एक मिलिलिटर द्रावण लागते आणि त्यातला मोठा वाटा सेंद्रिय द्रावकाचा असतो.

विश्लेषक, औषधनिर्मिती : असहमत. शुद्ध स्ट्रिक्निनचे द्रावण घेतले तर आपले म्हणणे खरे ठरेल, पण आपल्यासमोर येते ती अग्नितुंडी वटी, कुचल्याची आयुर्वेदिक गोळी. तिच्यात कुचल्यासोबत सैंधव, सौवर्चल, यवक्षार आणि सर्जिक्षार असतात. इतके क्षार नमुन्यात राहिले, तर त्याची विद्युतवाहकता बफरपेक्षा वाढते, घटकांचे पट्टे पसरतात आणि आलेखावरची त्यांची शिखरे एकमेकांत मिसळतात. शोधनाच्या दुधातील प्रथिने नळीच्या सिलिका भिंतीला चिकटली, की विद्युतपरासरणी प्रवाह, म्हणजे विजेमुळे नळीतले सगळे द्रावण पुढे सरकण्याचा वेग, बदलतो. मग सकाळी पाचव्या मिनिटाला आलेले शिखर दुपारी त्याच जागी येईल, याची खात्री कोणी द्यायची? एचपीएलसीत हे क्षार स्तंभावर न थांबता सुरुवातीलाच निघून जातात. शिवाय शोधक द्रावणातून जाणाऱ्या प्रकाशावरून मात्रा मोजतो; त्या प्रकाशाचा मार्ग इथे नळीच्या पोकळीएवढाच, तर एचपीएलसीच्या शोधक कोषात तो बहुधा १० मिलिमीटर असतो. हा फरक दोनशे पटींचा आहे.

धागाकर्ता : दोनशे पटींचा आक्षेप रक्तातील स्ट्रिक्निन शोधताना निर्णायक ठरेल, वटीत नाही. पाठानुसार अग्नितुंडीत कुचला इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतका असतो. १२५ मिलिग्रॅमच्या वटीत तो सुमारे ६२ मिलिग्रॅम येतो आणि त्यात एक टक्का स्ट्रिक्निन धरले, तर ०.६ मिलिग्रॅम. ते १० मिलिलिटरमध्ये उतरवले, तर प्रत्येक मिलिलिटरमागे ६० मायक्रोग्रॅम मिळतात आणि एवढी मात्रा साध्या अतिनील शोधकाला सहज दिसते. क्षारांचा प्रश्न मात्र खरा आहे. त्यावर जुनाच उपाय आहे : अमोनियाने नमुना अल्कधर्मी करून अल्कलॉइडे क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घ्यावीत, म्हणजे क्षार पाण्यात राहतात. प्रत्येक धावेआधी नळी सोडियम हायड्रॉक्साइडने धुवावी आणि अंतर्गत मानक (तुलनेसाठी ज्ञात मात्रेचे दुसरे द्रव्य) घालावे, म्हणजे शिखर थोडे सरकले तरी गुणोत्तर टिकते.

विश्लेषक, औषधनिर्मिती : म्हणजे द्रावक वाचवण्याच्या नावाखाली क्लोरोफॉर्म परत आला. तो फायदा निदान या औषधापुरता तरी मोजू नये.

वैद्य, सिंधुदुर्ग : दोन्ही बाजूंना माझा आक्षेप आहे. आपण आकड्याचा शेवटचा दशांश घासत बसला आहात, पण पोत्यातली प्रत्येक बी सारखी नसते. काही बिया नीट भिजतात, काहींचा गाभा कठीणच राहतो. मूठभर बिया उचलून यंत्रात घातल्या, तर यंत्राच्या चुकीपेक्षा नमुना निवडण्याची चूक मोठी असेल. शोधनाचा हेतू केवळ विष घटवणे हाच आहे, असेही मी मानत नाही. तापवल्याने स्ट्रिक्निनचा काही भाग आयसोस्ट्रिक्निन आणि एन-ऑक्साइड या वेगळ्या संयुगांमध्ये बदलतो, हे रसायनशास्त्रही सांगते. नुसते ‘स्ट्रिक्निन कमी झाले’ एवढे कळून माझ्या रुग्णाला काय उपयोग? कुचला औषधी द्रव्य नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये विषारी द्रव्य म्हणून नोंदवलेला आहे. तेव्हा जबाबदारी मोठी आहे आणि म्हणूनच नेमके काय मोजायचे, हे आधी ठरवा.

धागाकर्ता : वैद्यराज, नमुन्याबद्दलचे आपले म्हणणे पूर्ण मान्य. संपूर्ण बॅच दळून, एकजीव करून मगच नमुना घ्यावा. परंतु आपण उल्लेखलेला एन-ऑक्साइड माझ्याच बाजूने बोलतो. तो स्ट्रिक्निनपेक्षा बराच दुर्बल आम्लारी (बेस) आहे; बफरचा सामू (पीएच) पाचच्या आसपास नेला, तर त्याचा भार कमी होतो, स्ट्रिक्निनचा जवळजवळ पूर्ण राहतो आणि दोघे वेगळे पडतात. बफर बदलायला काही मिनिटे लागतात. एचपीएलसीच्या सिलिका स्तंभावर मात्र आम्लारी अल्कलॉइडांच्या शिखरांना शेपटी फुटते, म्हणजे ती एका बाजूला लांबतात, हे विश्लेषकांना ठाऊक असेल.

विश्लेषक, औषधनिर्मिती : ठाऊक आहे, आणि तिच्यावर द्रावणात ट्रायएथिलअमीन हे रसायन मिसळण्याचा उतारा आहे. माझी अट साधी आहे. वटीच्या चुऱ्यात ज्ञात मात्रेचे स्ट्रिक्निन मिसळा, सगळी प्रक्रिया करा आणि किती परत मिळाले ते दाखवा. हेच वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या नळ्यांवर, दोन तंत्रज्ञांकडून करून घ्या. ते आकडे समोर येईपर्यंत बॅच बाजारात सोडण्याच्या कागदावर मी एचपीएलसीचाच निष्कर्ष लिहीन.