परसातून उल्का शूट करायची होती, मोबाईलमध्ये आलं भलतंच (सातारा)

परसातला_शेवगा:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात राहतो, घरामागं छोटा परस, एक शेवगा, कपड्यांची तार आणि वर जेमतेम आभाळ. मिथुन उल्कावर्षाव होता म्हणून १३ डिसेंबरला संध्याकाळी सातलाच मोबाईल स्टँडवर लावला तर वायव्येकडनं एक ठिपका आला, अजिबात लुकलुकत नव्हता, डोक्यावर यायला दोनेक मिनिटं लागली आणि पुढं पूर्वेला उतरताना मंद मंद होत विझला, शेवग्याच्या अलीकडंच. मी ओरडलो उल्का उल्का, आई तव्यावरची भाकरी सोडून पळत आली, तोवर गेलेलं. पोरगा म्हणतोय विमान. विझलं म्हणजे जळलं ना? आणि नीट शूट करायला काय घेऊ, बजेट ५ हजार, रस्त्यावरचा पांढरा एलईडी भिंतीवरनं डोकावतो.

कृष्णाकाठ_सांगली:
दादा तो उपग्रह. उल्का एवढा वेळ टिकत नाही ओ, बहुतेक अर्ध्या-एक सेकंदात खेळ खल्लास. विमान असतं तर दिवे लुकलुकले असते. विझला म्हणजे जळला नाही, पृथ्वीच्या सावलीत शिरला. आपल्याकडं अंधार पडला तरी ४०० किमी वर अजून ऊन असतंय, त्या उन्हात तो चमकतो, म्हणून हे सगळं संध्याकाळी नाहीतर पहाटेच जास्त दिसतं. फार तेजस्वी असेल तर अंतराळ स्थानकच असणार, तारीख-वेळ टाकून अ‍ॅपमध्ये बघा, लगेच कळेल.
आणि सातला मिथुनच्या उल्का कुठनं येणार? त्या पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळनं आल्यासारख्या दिसतात, ती जागा उगवतेच साडेसातच्या आसपास, डोक्यावर येते रात्री दोन-अडीचला. तुम्ही नवरदेव मांडवात यायच्या आधीच अक्षता टाकल्या की राव 😄

गच्चीवरचा_खटपट्या:
मोबाईल सोडा. सोनीच्या आयएमएक्स २९१ किंवा ३०७ सेन्सरचा साधा सीसीटीव्ही कॅमेरा बघा, लेन्स ३.६ नाहीतर ४ एमएमची. पहिलं काम, त्याचे इन्फ्रारेड दिवे बंद करा. मी केले नव्हते, तर कोळ्यानं लेन्सपुढं जाळं विणलं आणि रात्रभर ते जाळंच चमकत होतं, मला वाटलं लय उल्का पडल्या 🤦
दुसरं, सेटिंगमध्ये नॉइज (अंधारात चित्रावर येणारे बारीक ठिपके) कमी करायचा ऑप्शन असतो तो बंद नाहीतर एकदम कमी. तो अंधुक उल्का कचरा समजून पुसून टाकतो, हे कळायला मला महिना गेला. मोशन डिटेक्शनवर (हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग) पण भरवसा नको, रात्रभर सलग रेकॉर्डिंग लावा, ४ एमबीपीएसला (सेकंदाला ४ मेगाबिट) १० तासांचे साधारण १८ जीबी होतात. सकाळी सगळं बघत बसायचं नाही, दर १० सेकंदांच्या फ्रेम एकावर एक ठेवून प्रत्येक जागचा सगळ्यात उजळ पिक्सेल घेतला की रेघ आपोआप दिसते.
दिव्यासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा आतनं काळा रंगवून लेन्सवर टोपीसारखा बसवा आणि तोंड दिव्याच्या उलट. थंडीत दव पडतं, काच पुसायला विसरू नका.

कृष्णाकाठ_सांगली:
दवाचं सांगू नका, आमच्याकडं नदीकडनं धुकं आलं की तारेच गायब. ऑगस्टच्या ययाती उल्कांचं तर नावच काढू नका, ऐन पावसात. म्हणून मिथुन आपला.

परसातला_शेवगा:
वेळ बघितली, स्थानकच होतं ते 🙏 कॅमेरा आला, पाइपची टोपी घातली, शेजारच्या काकू विचारत होत्या परसात गटाराचं काम काढलं का. काल पहाटे ४ नंतर एक रेघ सापडली, शेवग्याच्या डावीकडं, दोन्ही टोकं निमुळती, मधे जाड. सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) धरून मोजल्या तर रेघ १३ फ्रेममध्ये आहे. पोरगा अजून म्हणतोय विमान.

गच्चीवरचा_खटपट्या:
१३ फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात शेवगा ओलांडणारं विमान त्याला दाखवायला सांगा 😂 क्लिप टाका हिथं.