मी हिंदू आहे, मी घातलेलं बाप्तिस्म्याचं पाणी चालतं का?

रात्रपाळी_म्हापसा
गोव्यात बार्देसमधल्या एका रुग्णालयात नवजात कक्षात मी ११ वर्षं परिचारिका आहे. गेल्या आठवड्यात २८ आठवड्यांचं बाळ होतं, वजन ९०० ग्रॅम. बाप तारवटी, बोटीवर. पहाटे तीनला बाळाचे ठोके उतरायला लागले. फादरना फोन गेला होता, पण ते अजून वाटेत होते. आईने माझा हात धरला, "सिस्टर, तूंच उदक घाल." शब्दही तिनेच सांगितले. मी सिरिंजमध्ये निर्जंतुक पाणी घेतलं, बाळाच्या डोक्यावर तीनदा सोडलं आणि म्हटलं, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." वीस मिनिटांनी बाळ गेलं.

माझ्या दारात तुळशीवृंदावन आहे, आम्ही शांतादुर्गेचे. मी घातलेलं पाणी चाललं का? आणि मी तेव्हा दुसऱ्या बाळापाशी अडकले असते, तर त्या जिवाला देवाचं दार बंद झालं असतं? या दुसऱ्या प्रश्नाने झोप लागत नाही.

हळदोणकार्न
ताई, चाललं, पूर्ण चाललं. मी रविवारी मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते. जिवावर बेतलं असेल तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, ख्रिस्ती नसलेलं माणूससुद्धा. पाणी हवं, तेच शब्द हवेत, आणि चर्च जे करतं तेच आपण करतोय एवढा हेतू हवा. फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने १४३९ मध्येच हे लिहून ठेवलंय. माझी आजी सुईण होती, तिला ते शब्द पाठ होते.

ती लिंबोचंही सांगायची: बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं तिथे राहतात, दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. चर्चने ते कधीच श्रद्धेचं सूत्र केलं नाही. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने तर सांगितलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. आम्हा कॅथलिकांचा कॅटेकिझम, म्हणजे शिकवणीचं पुस्तक, म्हणतो, देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडलं, पण स्वतःला त्यात जखडून घेतलं नाही. तुम्ही अडकला असता तरी देव अडकला नसता.

एक करा, इगर्जीत (चर्चमध्ये) कळवा. बाप्तिस्म्याची नोंद व्हायला हवी, साक्षीदार असेल तर उत्तम.

वास्को_नगरकर
मी मूळचा नगरचा, प्रोटेस्टंट. आमच्या मंडळीत तान्ह्यांना बाप्तिस्मा देत नाहीत. तारण कृपेने, विश्वासाने. बाप्तिस्मा ही त्याची चारचौघांत दिलेली साक्ष. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला पाणी कुठे मिळालं? तरी येशूने त्याला त्याच दिवशी सुखलोकाचा शब्द दिला. बायबलमधल्या दाविद राजाचं बाळ सातव्या दिवशी वारलं, तेव्हा तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. माझी मुलगी दोन दिवसांची असताना गेली. मी त्या वचनावर उभा आहे.

हळदोणकार्न
चोराबद्दल आमच्यात 'इच्छेचा बाप्तिस्मा' म्हणतात, म्हणजे पाणी मिळालं नाही तरी मनातली ओढ धरली जाते. पण योहानाच्या शुभवर्तमानातलं (३:५) 'पाण्याने आणि आत्म्याने' मला बाजूला सारता येत नाही. तुमच्या लेकीची आठवण आज तेर्साला, जपमाळेच्या प्रार्थनेत, करीन.

रात्रपाळी_म्हापसा
साक्षीला आमची दुसरी सिस्टर होती. आई गुरुवारी टाके दाखवायला येणार आहे, तेव्हा नोंदीचं सांगते. नाव तिने त्या रात्रीच ठरवलं होतं. ते घेऊनच मी पाणी घातलं.